विशेष शिक्षिका व्हायचं आहे : खानापूर भागात काम करायचं तर शिक्षण कुठलं आणि रोजचं काम काय?

जांबोटी_रोड

नमस्कार. बी.ए. झालं आहे, गुण 50 टक्क्यांच्या वर आहेत. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. कन्नड वाचता येतं, बोलता येतं, लिहिताना मात्र अडखळायला होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातच राहून विशेष शिक्षिका म्हणून काम करायचं आहे.

विचारायचं ते असं : साधं बी.एड. करून वर एखादा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स केला तर चालतो का? अक्षमतेचा कुठला प्रवर्ग घ्यावा? कोल्हापूर-पुण्याकडे केलेला कोर्स कर्नाटकात धरतात का? आणि हे शिक्षक दिवसभर नेमकं करतात काय, हे कुणी नीट सांगेल का? जाहिरातीत फक्त पात्रता लिहिलेली असते, कामाबद्दल एक ओळ नसते.

वडगावकर_सर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट "नाही" असं आहे. साधं बी.एड. आणि वर छोटा सर्टिफिकेट कोर्स, एवढ्यावर विशेष शिक्षक होता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेला डी.एड. विशेष शिक्षण किंवा बी.एड. विशेष शिक्षण हवा. त्यानंतर परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत, म्हणजे सीआरआरमध्ये, नाव नोंदवून क्रमांक मिळवायचा. 1992 च्या आरसीआय कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खासगी शाळा "नोंदणी नंतर करा, आधी रुजू व्हा" म्हणाली तरी ऐकू नका. अडचण आली की शाळा बाजूला होते आणि सही केलेली व्यक्ती अडकते.

डी.एड. विशेष शिक्षण बारावीनंतर दोन वर्षांचं. बी.एड. विशेष शिक्षण पदवीनंतर दोन वर्षांचं, चार सत्रांत. पदवीला 50 टक्के लागतात, राखीव गटांना सवलत असते. शिक्षकांच्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, चार वर्षांचे एकात्मिक कोर्स येत आहेत. त्यामुळे कॉलेजचं नाव मोठं आहे एवढ्यावर भागत नाही. आरसीआयची मान्यता संस्थेला, त्या कोर्सला आणि त्या शैक्षणिक वर्षाला मिळते. प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, कोर्सचं पूर्ण नाव आणि तुमचं वर्ष, तिन्ही जुळतात का ते बघा. मागच्या तुकडीची मान्यता दाखवून फी घेतली जाते, आणि नोंदणीच्या वेळी अर्ज परत येतो. तेव्हा दोन वर्षं गेलेली असतात.

कोल्हापूर, पुणे, मुंबई, कुठलंही चालतं. परिषद केंद्राची आहे, नोंदणी देशभर धरली जाते. नोंदणीला मुदत असते, ती संपायच्या आत नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे सीआरई (सतत शिक्षणाचे) गुण जमवायचे. गुण शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

प्रवर्गाबद्दल माझं मत ठाम आहे. तालुक्याच्या ठिकाणी राहून खेड्यांत काम करायचं असेल तर बौद्धिक अक्षमता (आयडी) घ्या. मुलाची पातळी मोजणं, कौशल्याचे लहान तुकडे पाडणं, वर्तन हाताळणं हे त्यात पक्कं होतं आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता असलेल्या मुलांसोबतही ते लागतं. दृष्टी आणि श्रवण हे प्रवर्ग कमी महत्त्वाचे म्हणून सांगत नाही. ब्रेल किंवा सांकेतिक भाषा वरवर शिकून काम होत नाही, आणि तो प्रवर्ग घेतला तर बहुतेक नोकऱ्या निवासी शाळेत, शहरात मिळतात.

अजून एक. एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) 2010 च्या अधिसूचनेप्रमाणे विशेष डी.एड. असलेल्याला पहिली ते पाचवीचा आणि विशेष बी.एड. असलेल्याला सहावी ते आठवीचा साधा शिक्षकही होता येतं, पण टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास हवी (150 प्रश्न, 60 टक्के), आणि नेमणुकीनंतर सहा महिन्यांचं प्राथमिक शिक्षणाचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ती वाट उघडी ठेवा.

चिकोडी_बीआयईआरटी

वडगावकर सरांनी कागदाचं सांगितलं, मी कामाचं सांगते.

आपल्याकडे दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक विशेष शाळेतली : संस्था चालवते, अनुदान विकलचेतन आणि ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याकडून येतं, वर्ग ठरलेला, मुलं ठरलेली. दुसरी समग्र शिक्षा अभियानातली, तालुक्याच्या बीआरसीला (गट संसाधन केंद्राला) जोडलेली. तिला कर्नाटकात बीआयईआरटी (तालुक्याची समावेशक शिक्षण संसाधन शिक्षिका) म्हणतात. हिच्याकडे वर्ग नसतो, तालुका असतो. आठवड्यात ठरवून दिलेल्या शाळांना भेटी, बीआरसीच्या संसाधन केंद्रावर येणाऱ्या मुलांचं काम, आणि ज्यांना शाळेपर्यंत आणताच येत नाही त्यांच्या घरी जाऊन शिकवणं. चिकोडी शैक्षणिक जिल्हा असो की बेळगाव, कामाची चौकट हीच. खानापूर बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतं. कणकुंबीच्या बाजूची गावं बघता घरभेटीच्या दिवशी दोन घरांच्या वर होत नाहीत, तेव्हा वेळापत्रक करतानाच तसं करा.

जूनमध्ये काम सुरू होतं नोंदीपासून. मूल विशेष गरजा असलेलं आहे हे सॅट्स आणि युडायस प्लस या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींमध्ये चढलं नसेल तर त्याला काहीच मिळत नाही. संशय असलेल्या मुलांसाठी एनसीईआरटीचं "प्रशस्त" हे तपासणी साधन आहे. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. शिक्षक पहिला भागही आपल्यालाच भरायला देतात. तो भरू नका. वर्षभर मुलाला बघणारा वर्गशिक्षक आहे, आपण अर्धा तास बघितलेलं असतं. शिवाय हे फक्त चाळणी लावणं आहे, निदान नव्हे. बुद्ध्यांक चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने घ्यायची, प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळाने द्यायचं. विशेष शिक्षकाने पालकांना "तुमचं मूल मतिमंद आहे" असं कधीही स्वतःहून सांगू नये.

मग वैद्यकीय तपासणी शिबिर, यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाच्या ओळखपत्राचा) अर्ज, साधनांसाठी अलिम्को या सरकारी कंपनीचं मोजमाप. इथे सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आधारवर एक स्पेलिंग, सॅट्समध्ये कन्नडवरून इंग्रजीत उतरलेलं दुसरं, यूडीआयडीवर तिसरं. "पाटील" हे आडनावच दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. मग खात्यावरचे पैसे परत जातात. अर्ज भरायच्या आधी आधार समोर ठेवून सॅट्स दुरुस्त करून घ्या, आणि मगच पुढचं. मुलांचं प्रमाणपत्र पुष्कळदा ठराविक मुदतीचं असतं. ती तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहा.

पालकांना आणखी एक नीट सांगावं लागतं. समग्र शिक्षामध्ये दर मुलामागे वर्षाला 3500 रुपये ही तरतूद आहे, ते रोख हातात मिळत नाहीत. साधनं, थेरपी, प्रवास, शैक्षणिक साहित्य, सगळं मिळून तो आकडा आहे. मुलींना वेगळा भत्ता महिना 200 रुपये, दहा महिने. महाराष्ट्रातल्या चंदगडकडचं मूल बेळगावच्या शाळेत येत असेल तर यूडीआयडी देशभर चालतं, पेन्शन मात्र ते मूल जिथलं रहिवासी आहे त्या राज्याकडेच मागायची.

नोकरी कंत्राटी असते, हे आधीच समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात 2021 साली केंद्राला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, 2022 साली केंद्राने प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक असं ते ठरवलं, आणि मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं. कायम भरती निघेल तेव्हा सीआरआर क्रमांक हातात असलेलेच रांगेत असतील.

जांबोटी_रोड

दोघांचेही खूप आभार. आयडी प्रवर्गाचंच मनात पक्कं होतं आहे. आयईपी (एकेका मुलासाठीची वेगळी शैक्षणिक योजना) हा शब्द सगळीकडे दिसतो. तो प्रत्यक्षात लिहितात कसा? नमुने बघितले तर सगळ्या मुलांचे सारखेच वाटतात.

अनगोळ_विशेषशाळा

सारखे वाटतात कारण ते एकावरून एक उतरवलेले असतात. "मुलाला अंकज्ञान होईल", "मूल स्वावलंबी बनेल" अशा वाक्यांचा आयईपी वर्षाअखेरीला तपासताच येत नाही.

आधी पातळी मोजायची. बौद्धिक अक्षमतेसाठी आपल्याकडे दोन साधनं जास्त चालतात : सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही तपासणी सूची, आणि मद्रासची एमडीपीएस, जिच्यात 18 क्षेत्रांत 360 बाबी आहेत. एफएसीपीमध्ये प्रत्येक बाबीपुढे मूल ते स्वतः करतं, कधीमधी खुणेने करतं, शब्दाने सांगितल्यावर करतं, हात धरून करतं, की पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, हे लिहायचं. आणि एक वेगळी खूण असते, संधीच मिळालेली नाही अशी. नवे शिक्षक हीच खूण विसरतात. घरी आईच घास भरवते म्हणून मूल स्वतः जेवत नाही, त्याला "येत नाही" लिहिलं तर उद्दिष्टच चुकतं. आधी आठवडाभर ताट पुढे ठेवून बघा आणि मग लिहा.

उद्दिष्टात चार गोष्टी हव्यात : कुठल्या परिस्थितीत, काय करेल, किती अचूक, किती दिवसांत. नमुना देतो. "टेबलावर 10 मणी ठेवून 'पाच दे' म्हटल्यावर, मदतीशिवाय, 5 पैकी 4 वेळा पाच मणी मोजून हातात देईल. मुदत सहा आठवडे." आता तपासता येतं.

हे शिकवताना एक हमखास अडचण येते. मूल एक-दोन-तीन-चार-पाच म्हणत जातं आणि थांबतच नाही, दहाही मणी देऊन टाकतं. पालक म्हणतात, "अंक तर सगळे येतात याला." येतं ते पाठांतर. पाच म्हणजे कुठे थांबायचं, ते कळलेलं नाही. अशा वेळी आणखी मोजून घेण्यात अर्थ नाही. पुठ्ठ्यावर पाच गोल काढलेली पट्टी द्या, एका गोलात एक मणी, पट्टी भरली की थांब. चार-पाच दिवसांनी गोल फिके करा, मग फक्त ठिपके, मग कोरी पट्टी, शेवटी पट्टी काढून घ्या. पट्टी एकदम काढली तर मूल पहिल्या दिवसावर येतं.

दुसरी अडचण मदतीची. प्रत्येक वेळी आपण लगेच सांगतो, त्यामुळे मूल मण्यांकडे न बघता आपल्या डोळ्यांकडे बघायला शिकतं. सूचना एकदाच द्या आणि मनात पाच आकडे मोजून थांबा. हालचाल झाली नाही तर खूण, नाही तर शब्द, शेवटी हात. रोजच्या नोंदीत मदत कुठली लागली ते एका अक्षरात लिहा. पंधरा दिवसांचं पान समोर धरलं की मूल पुढे सरकतंय की नाही ते कुणालाही दिसतं, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) साहेबांनाही.

स्वतःच्या कामांसाठी तुकडे पाडून उलट क्रमाने शिकवा. शर्टाचं बटण घ्या. काज धरणं, बटण उभं करणं, अर्धं आत ढकलणं, दुसऱ्या हाताने पकडणं, ओढणं. पहिले चार तुकडे आपण करायचे आणि शेवटचं ओढणं मुलाने. ते जमलं की शेवटचे दोन. प्रत्येक वेळी काम मुलाच्या हाताने संपतं, त्यामुळे ते कंटाळत नाही. सुरुवातीला अडीच सेंटीमीटरचं बटण आणि सैल काज घ्या. टेबलावरच्या बटणांच्या फ्रेमवर वर्षभर सराव करून घेतात आणि मग अंगातल्या शर्टाला मुलाचा हातच लागत नाही. कारण फ्रेमवर बटण समोरून दिसतं, अंगावरचं वरून, उलट दिशेने. फ्रेम फार तर आठवडाभर वापरा, मग मुलाच्या अंगात मोठा शर्ट चढवूनच शिकवा. शाळेचा गणवेश शेवटी.

वर्तनाबद्दल थोडंसं. मूल पाटी दिली की पळून जातं, आणि शिक्षक त्याला व्हरांड्यात उभं करतात. मुलाला पाटी नकोच होती, ती टळली. उद्या ते आणखी लवकर पळेल. आधी चार-पाच दिवस फक्त लिहून काढा : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. लक्ष हवंय, काम टाळायचंय, वस्तू हवीय, की ती हालचालच त्याला बरी वाटते, हे त्यातून कळतं. काम टाळायचं असेल तर काम लहान करा, दोन मणी आणि सुट्टी. पळू दिलं तर उपयोग नाही आणि दामटून बसवलं तरी नाही.

आणखी एक, फक्त आपल्या भागापुरतं. सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला नली-कलीची (आनंदाने शिकण्याच्या पद्धतीची) कार्डं आणि अध्ययनाची शिडी असते. प्रत्येक मूल वेगळ्या पायरीवर असणं तिथे चालतंच. मुलाला वेगळं कोपऱ्यात बसवून वेगळं पुस्तक देण्यापेक्षा त्याच शिडीवरची खालची कार्डं आयईपीत धरा. वर्गशिक्षक लगेच सहकार्य करतात, कारण त्यांना नवं काही करावं लागत नाही.

जांबोटी_रोड

सर, हे छापून ठेवण्यासारखं आहे. भाषेचं काय करायचं? आमच्या भागात घरी मराठी, शाळा काही ठिकाणी कन्नड, काही मुलांच्या घरी कोकणी. मूल बोलत नसेल तर एकच भाषा ठेवा असं सांगितलं जातं.

हलगा_श्रवण

एकच भाषा ठेवा हा सल्ला देऊ नका. दोन भाषा कानावर पडल्यामुळे बोलणं उशिरा येतं किंवा अक्षमता होते, असं नाही. घरची भाषा बंद केली तर आजी-आजोबा त्या मुलाशी बोलणंच कमी करतात आणि मिळणारी भाषा आणखी घटते. चित्रकार्डं करताना चित्र एकच ठेवा आणि खाली घरची भाषा आणि शाळेची भाषा, दोन्ही लिहा. म्हणजे घरी आई आणि शाळेत बाई तेच कार्ड वापरतात.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत मात्र भाषा फार जपून बघावी लागते. मराठी घरातलं मूल कन्नड शाळेत तिसरीत अडखळत वाचतंय, म्हणजे लगेच डिस्लेक्सिया नव्हे. त्याच्याशी मराठीत बोलून बघा : गोष्ट सांगता येते का, शब्दातला पहिला आवाज वेगळा काढता येतो का, तोंडी हिशेब येतो का. शब्दांतले आवाज वेगळे काढणं मराठीतही जमत नसेल तर पुढे तपासणीला पाठवा. मराठीत सगळं ठीक असेल तर त्याला कन्नडचा सराव हवा आहे, प्रमाणपत्र नको. त्या प्रमाणपत्रासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेची चाचणी वापरतात, साधारण तिसरीत किंवा आठव्या वर्षाच्या सुमारास.

तुम्ही आयडी घेतलं तरी श्रवणयंत्र लावलेली मुलं तुमच्या यादीत असणारच, म्हणून रोज सकाळी करायची एक तपासणी शिकून घ्या. दोन मिनिटं लागतात. मुलाच्या मागे उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि सहा आवाज काढायचे : आ, ऊ, ई, श, स, म. आवाज आला की मुलाने एक मणी डब्यात टाकायचा. क्रम रोज बदला आणि मधलं अंतरही कमी-जास्त ठेवा, नाहीतर मूल तालावर मणी टाकतं. काल "स" ऐकू येत होता आणि आज नाही, तर मुलाला दोष देऊ नका, यंत्र बघा.

यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुतेक वेळा कानातला साचा सैल झालेला असतो. मुलांचा कान वाढतो, त्यामुळे साचा काही महिन्यांनी, फार तर वर्षाने बदलावा लागतो. आवाज कमी करून शिट्टी थांबवली तर मुलाला ऐकूच येत नाही, आणि नेमकं तेच सगळीकडे केलं जातं. झिंक-एअर बॅटरीवरचा कागद काढला की ती चालू होते, मग यंत्र बंद ठेवा नाहीतर चालू ठेवा. कागद काढून मिनिटभर तशीच उघडी ठेवा आणि मग बसवा. पालक एकदम सगळे कागद काढून ठेवतात आणि बॅटऱ्या खराब निघाल्या म्हणतात.

आणि खानापूरचा पाऊस. जांबोटी-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर हवेतली ओल इतकी असते की यंत्राच्या नळीत पाण्याचे थेंब साचतात आणि आवाज तुटत येतो. रात्री यंत्र झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचं, बॅटरी काढून. वर्गावर पत्रे असतील तर जोराच्या पावसात कुठलंच यंत्र उपयोगी पडत नाही. त्या वेळेसाठी फळ्यावर लिहून करायचं काम तयार ठेवा. मुलाची जागा दुसऱ्या रांगेत, खिडकी मुलाच्या पाठीशी, म्हणजे उजेड शिक्षकाच्या तोंडावर पडतो आणि ओठ दिसतात.

वडगावकर_सर

भाषेचा विषय निघालाच आहे तर ब्रेलबद्दल. भारती ब्रेल सगळ्या भारतीय भाषांना मिळून एकच केलेली आहे. "क" मराठीतही ठिपके 1 आणि 3, कन्नडमध्येही तेच. कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांना तेवढे वेगळे कोश (ठिपक्यांचे संच) आहेत. त्यामुळे मराठी ब्रेल पक्कं असलेला शिक्षक थोड्या तयारीने कन्नड शाळेतल्या मुलालाही शिकवू शकतो. डोळस मुलांना दोन लिप्या शिकाव्या लागतात, ब्रेल वाचणाऱ्याला नाही. सीमाभागात हा मोठा फायदा आहे. पाटी-खिळ्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून हातात बसवा. ठिपके उलटे लिहायची सवय लागली की मोडताना फार त्रास होतो.

चिकोडी_बीआयईआरटी

दहावीचं राहिलं. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे तिन्ही आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ सांगितला आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. एसएसएलसीसाठी (दहावीच्या परीक्षेसाठी) अर्ज मुख्याध्यापकांमार्फत, नोंदणीच्या वेळीच जायला हवा. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. लेखनिक खालच्या इयत्तेचा घ्या, आणि मूल व लेखनिक दोघांना निदान चार पूर्ण पेपर एकत्र बसून सोडवायला लावा. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. लेखनिक मराठी माध्यमाचाच हवा. गणिताचा पेपर मराठीत आणि लेखनिक कन्नड शाळेतला, असं झालं की अर्धा वेळ शब्द समजावण्यात जातो.

भाषेतून सूट घेताना घाई करू नका. पालक पटकन "कन्नड काढून टाका" म्हणतात. पुढे राज्य सरकारच्या नोकरीला अर्ज करताना दहावीला कन्नड नसेल तर वेगळी कन्नड परीक्षा द्यावी लागते. सौम्य अक्षमता असलेलं, नोकरीची शक्यता असलेलं मूल असेल तर कन्नड ठेवून जादा वेळ आणि लेखनिक घ्यावा असं माझं मत आहे. लिहिणं-वाचणं खरोखरच आवाक्याबाहेर असेल तर सूट घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. निर्णय नववीत, पालक, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक एकत्र बसवून, आणि लेखी.

जांबोटी_रोड

प्रवेशाला अजून अवकाश आहे. तोवर काय शिकायला घेऊ?

अनगोळ_विशेषशाळा

कन्नड लिहिणं, सगळ्यात आधी. बीआरसीला जाणारा अहवाल, बीईओ कचेरीचं पत्र, एसडीएमसीच्या (शाळा विकास समितीच्या) बैठकीचा ठराव, कन्नड शाळांत आणि कचेऱ्यांत सगळं कन्नडमध्ये चालतं. रोज एक पान सुवाच्य लिहा आणि मोबाइलवर कन्नड टायपिंग बसवा. तीन नमुने लिहिता आले की बरंच भागतं : शाळाभेटीचा अहवाल, वैद्यकीय शिबिरासाठी मुलांची यादी पाठवणारं पत्र, आणि साधनाची मागणी.

दुसरं, जवळच्या एखाद्या विशेष शाळेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन काही दिवस बसून बघा. एकाच मुलाला एक तास बघायचं आणि ते काय करतं तेवढंच लिहायचं. "हट्टी आहे", "हुशार आहे" असले शब्द वहीत आले की खोडून त्या जागी दिसलेली कृती लिहा : "पाटी दिल्यावर उठून दारापर्यंत गेला, नाव घेतल्यावर मागे वळून बघितलं, परत आला नाही." कोर्समध्ये केस स्टडी लिहायची असते, तेव्हा हीच वही कामाला येते. मुलांचे फोटो काढू नका, आणि वहीत नावाऐवजी फक्त आद्याक्षर लिहा.